देहाविना स्मरण : ‘जलसमाधी’ या शब्दाची चिकित्सा

१

डिसेंबरची ९ तारीख सोलापुरात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा स्मृतिदिन म्हणून परिचित आहे. १९१० साली सोलापुरात जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून मुंबईहून बोटीने निघाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, उत्तर चीनमध्ये निवर्तले. शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांचे थडगे आहे. सोलापुरातील त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर लिहिलेले पुस्तक १९४४ मध्ये निघाले आणि व्ही. शांतारामांचा चित्रपट १९४६ मध्ये आला. मरण फार दूर घडले, तरी स्मरणाला टेकायला जागा राहिली. थडगे, घर, पुस्तक आणि चित्रपट अशा चार आधारांवर ते उभे आहे.

याच तारखेला, एकोणतीस वर्षांनंतर, ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, भारतीय नौदलाची ‘खुकरी’ ही युद्धनौका दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने बुडविली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक असे १९४ जण तीत मृत्यू पावले. ६७ जण वाचले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धात युद्धनौका बुडविल्याचा हा पहिला प्रसंग मानला जातो. गेलेल्या बहुतेकांचे देह मिळाले नाहीत. त्यांतील पुष्कळजण कोटणीसांहूनही वयाने लहान होते.

दोन्ही मृत्यू युद्धातले, दोन्ही घरापासून दूरचे, दोन्ही अकाली. परंतु स्मरणाच्या दृष्टीने त्यांच्यात एक मूलभूत भेद आहे. कोटणीसांच्या बाबतीत देह आहे, स्थळ आहे, शेवटच्या आजाराचा साक्षीदारांनी दिलेला वृत्तांत आहे. समुद्रात गेलेल्या तरुण अधिकाऱ्याच्या बाबतीत यांपैकी काहीच नाही. त्याच्याविषयी लिहिणाऱ्याला अभावापासून प्रारंभ करावा लागतो. मराठीतील स्मरणलेखन हा अभाव कसा हाताळते, हा येथील चर्चेचा विषय आहे. ‘स्मरणलेखन’ या संज्ञेत वृत्तपत्रीय श्रद्धांजली, शाळा-महाविद्यालयांच्या स्मरणिका, दिवाळी अंकांतील व्यक्तिचित्रे आणि स्मृतिदिनाची भाषणे यांचा समावेश अभिप्रेत आहे. वाङ्मयीन समीक्षेने या लेखनाकडे बहुधा दुर्लक्ष केले आहे. वस्तुतः समाजाची मृत्युविषयक भाषा सर्वांत अधिक प्रमाणात येथेच घडते, आणि येथे घडलेले संकेत पुढे कविता-कादंबरीतही वावरताना दिसतात.

या लेखनाचा किल्लीशब्द आहे ‘जलसमाधी’. तो इतका सहज वापरला जातो, की त्याच्या अर्थाकडे लक्षच जात नाही. प्रस्तुत विवेचनाचे प्रतिपादन असे, की हा शब्द अभावाचे वर्णन करीत नाही; तो अभाव बुजवितो. बुजविताना तो समुद्रात गेलेल्या माणसाकडून दोन गोष्टी काढून घेतो : त्याचे तारुण्य आणि त्याचे काम.

२

‘समाधी’ या शब्दाला मराठी मनात असलेले स्थान वेगळे सांगण्याची गरज नाही. १२९६ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीस घेतलेली संजीवन समाधी हा या शब्दाचा मराठी आदर्श आहे. समाधीत तीन घटक गृहीत असतात : पूर्ण झालेले जीवितकार्य, स्वेच्छा, आणि मृत्यूनंतरही टिकून राहणारे सान्निध्य. ज्याची समाधी असते तो ‘गेला’ असे भाविक म्हणत नाही; तो ‘तेथे आहे’ असे म्हणतो.

सोलापूरच्या वाचकाला या शब्दाची आणखी एक छटा जवळची आहे. शहराचे ग्रामदैवत असलेल्या बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांची समाधी सिद्धेश्वर मंदिराच्या आवारात आहे आणि मंदिराला तलावाचे पाणी वेढून आहे. सिद्धराम हे कन्नड वचनकार. लोकांसाठी तलाव खोदण्याचे कार्य परंपरेने त्यांच्याशी जोडलेले आहे. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या, पाण्याच्या टंचाईशी झगडत आलेल्या या शहरात समाधी आणि पाणी यांचा संबंध रोज डोळ्यांपुढे असतो. तेथील पाणी माणसाने श्रमाने साठविलेले आहे, आणि समाधी ही त्या श्रमाच्या मध्यभागी आहे. म्हणजे कार्य आधी, समाधी नंतर, असा क्रम या स्थळाच्या रचनेतच आहे.

‘जलसमाधी’ हा सामासिक शब्द मूळचा याच अर्थक्षेत्रातला. शरयूत प्रवेश करणाऱ्या रामाच्या कथेत तो शोभतो. तेथे अवतारकार्य संपलेले आहे आणि प्रवेश स्वेच्छेचा आहे. आधुनिक मराठीत मात्र त्याचा प्रवास फार वेगाने झाला. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट उलटून सहाशेहून अधिक माणसे बुडाली. तिच्या संदर्भातही हाच शब्द वापरला जातो. वादळात सापडलेले मचवे, पुरात वाहून गेलेली गाडी, धरणात गेलेले गाव या सर्वांना आज ‘जलसमाधी’ मिळते.

येथे क्रियापदाकडे लक्ष द्यायला हवे. समाधी ‘घेतली’ जाते. जलसमाधी मात्र ‘मिळते’. आणि युद्धाच्या वार्तांकनात ती ‘दिली’ही जाते : ४ डिसेंबर १९७१ च्या कराचीवरील हल्ल्यात पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका बुडाली, तेव्हा तिला ‘जलसमाधी दिली’ असे म्हणणे मराठीत सहज रूढ आहे. घेणे, मिळणे, देणे या तीन क्रियापदांत कर्ता तीनदा बदलतो. घेणाऱ्याची इच्छा असते. मिळणाऱ्याची इच्छा विचारलेली नसते. देणारा तर मारणारा असतो. परंतु नाम तेच राहते, आणि वाचकाच्या कानात नामाचाच नाद उरतो. परिणामतः स्वतः शांतपणे देह ठेवणारा योगी, लोखंडी नौकेच्या पोटात अडकून बुडालेला बाविशीतला अधिकारी आणि आपल्या क्षेपणास्त्राने बुडालेला शत्रूचा खलाशी हे तिघे एकाच शब्दाच्या छायेत येतात. शब्दाची ही उदारता वरकरणी मानवतावादी वाटते. प्रत्यक्षात ती भेद पुसणारी आहे.

‘हुतात्मा’ या शब्दाशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होईल. सोलापूर हे हुतात्म्यांचे शहर म्हणवले जाते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. चौकातील पुतळ्यांमुळे ती स्मृती शहराच्या रोजच्या जाण्यायेण्याचा भाग झाली आहे. ‘हुतात्मा’ या शब्दातही आहुतीची, म्हणजे कृतीची कल्पना आहे. पण तेथे कृतीचा आशय इतिहासात नोंदलेला आहे : १९३० चे आंदोलन, सोलापुरातील लष्करी कायदा, खटला, शिक्षा. शब्दाच्या मागे घटनांची साखळी उभी असते आणि हवी तेव्हा ती तपासता येते. ‘जलसमाधी’ या शब्दाच्या मागे अशी साखळी नसते. तो घटनेच्या जागीच येऊन बसतो.

३

‘खुकरी’विषयीचे लेखन पाहिले, तर त्याचा केंद्रबिंदू नौकेचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला हे आहेत. नौका वाचणार नाही हे दिसल्यावर त्यांनी ती सोडण्याचा आदेश दिला, आपले जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला दिले, आणि स्वतः नौकेबरोबर गेले, हे वाचलेल्यांनी सांगितले आहे. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. या मृत्यूत समाधीचे घटक खरोखर आहेत : कर्तव्याची जाणीवपूर्वक केलेली पूर्ती, वाचण्याची शक्यता असताना केलेली निवड, आणि नौदलाच्या परंपरेत टिकून राहिलेले सान्निध्य. मुल्लांच्या बाबतीत ‘जलसमाधी घेतली’ असे म्हटले, तर शब्द आणि घटना यांत अंतर पडत नाही.

प्रश्न इतर १९३ जणांचा आहे. टॉर्पेडोच्या आघातानंतर नौका काही मिनिटांतच बुडाली. खालच्या मजल्यांवर असलेल्यांना निवड करण्याइतकाही अवधी नव्हता. मग त्यांच्या मृत्यूला ‘जलसमाधी’ म्हणताना काय घडते? कप्तानाच्या मृत्यूचा अर्थ सर्वांच्या मृत्यूवर पसरविला जातो. स्मरणलेखात प्रत्येक तरुण अधिकारी लहान मुल्ला होतो. धीरोदात्त, हसतमुख, मृत्यूला सामोरा जाणारा. त्याचे वय, त्याचा गोंधळ, त्याची जगण्याची स्वाभाविक धडपड या गोष्टी लेखातून हद्दपार होतात, कारण त्या समाधीच्या संकल्पनेत बसत नाहीत.

याला कथनमीमांसेच्या अंगाने एक कारण देता येते. बुडालेल्या नौकेची कथा वाचलेल्या माणसांकडूनच येते. इयन कार्डोझो यांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘खुकरी’वरील इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकातच वाचलेल्यांच्या कथांचा उल्लेख आहे. वाचलेला माणूस बहुधा वरच्या डेकवरून पाण्यात पडलेला असतो. म्हणजे कथनाचे दृष्टिकेंद्र डेकवर आणि पाण्याच्या पृष्ठभागावर असते; जे तेथून दिसले तेवढेच कथेत येते. कप्तान उंचावर होते, म्हणून ते दिसले. खालच्या मजल्यावरचा अधिकारी कोणालाही दिसला नाही. त्याच्या अखेरच्या क्षणाला साक्षीदार नाही, आणि म्हणून त्याला प्रसंग नाही. स्मरणलेखन प्रसंगावाचून चालत नाही; ते उसना प्रसंग घेते. कप्तानाचा दृश्यमान मृत्यू हा सर्वांच्या अदृश्य मृत्यूंचा प्रतिनिधी होतो. वाचलेल्यांनी जे सांगितले त्यात खोटे काही नाही. दोष आहे तो एकाच्या वृत्तांतावरून अनेकांचा वृत्तांत रचण्याच्या संकेतात.

या संकेतामुळे काय गमावले जाते याचे एक ठळक उदाहरण ‘खुकरी’वरच आहे. लेफ्टनंट व्ही. के. जैन हे तरुण अधिकारी त्या रात्री नौकेवर होते. ध्वनिलहरींच्या साहाय्याने पाण्याखालचा शोध घेणाऱ्या सोनार यंत्रणेचा पल्ला वाढावा, यासाठी त्यांनी स्वतः सिद्ध केलेल्या उपकरणाची चाचणी चालू होती. या कामाचा संबंध मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधनाशी होता. ‘खुकरी’च्या सोनारची क्षमता ‘हंगोर’च्या तुलनेत तोकडी होती; म्हणजे जी उणीव त्या रात्री घातक ठरली, तीच भरून काढण्याच्या कामात हा तरुण गुंतलेला होता. चाचणीसाठी नौकेची गती कमी ठेवली होती आणि त्यामुळे ती पाणबुडीला सोपे लक्ष्य ठरली, असे काही वृत्तांतांत म्हटले आहे. या निर्णयाच्या योग्यायोग्यतेवर नौदलाच्या इतिहासकारांमध्ये आणि निवृत्त अधिकाऱ्यांमध्ये वाद झालेले आहेत.

या माणसाची कथा मुल्लांच्या कथेहून गुणात्मकदृष्ट्या भिन्न आहे. मुल्लांच्या कथेत अर्थ शेवटाला आहे. जैन यांच्या कथेत अर्थ शेवटापूर्वीच्या महिन्यांत आहे : आकडेमोडीत, जोडणीत, फसलेल्या आणि साधलेल्या प्रयोगांत. मुल्लांचे कार्य त्यांच्या मृत्यूने पूर्ण झाले. जैन यांचे कार्य त्यांच्या मृत्यूने तुटले. पहिल्या कथेला समाधीची भाषा चालते. दुसऱ्या कथेला ती लावली, की तुटलेपण नाहीसे होते आणि त्याबरोबर हानीचे खरे मापही हरवते. नौदलाने त्यांच्या नावे संशोधनासाठी सुवर्णपदक ठेवले. या पदकात एक प्रकारचा वाङ्मयीन विवेक आहे असे म्हणता येईल. ते त्यांच्या मृत्यूच्या प्रकाराविषयी काहीच बोलत नाही. त्यांच्या हातातून सुटलेले काम दुसऱ्या कोणाच्या हातात आहे, एवढेच दर वेळी सांगते. मराठी स्मरणलेखनाला अजून न साधलेली गोष्ट एका पदकाने साधली आहे.

गतीविषयीच्या वादाकडे स्मरणलेखन पाठ फिरवते, हेही येथे नोंदवायला हवे. नौका का बुडाली, कोणते निर्णय घेतले गेले, साधने कोठे कमी पडली, हे प्रश्न श्रद्धांजलीच्या भाषेत अशोभनीय मानले जातात. समाधीला कारण विचारायचे नसते. परंतु ज्या घरातील मुलगा गेला त्या घराचा पहिला प्रश्न ‘कसा’ हाच असतो.

४

या घराच्या दृष्टीने पाहिले असता ‘जलसमाधी’ हा शब्द आणखी एक गोष्ट गिळतो, ती म्हणजे काळ. समुद्रावरील मृत्यू घरापर्यंत एका क्षणात येत नाही. आधी ‘बेपत्ता’ हा शब्द येतो. बेपत्ता आणि मृत यांच्यामधला काळ किती लांबेल हे कोणालाच ठाऊक नसते. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतील बेपत्ता ५४ सैनिकांची यादी संसदेत पुन्हापुन्हा चर्चेला आली. त्या कुटुंबांसाठी हा मधला काळ कित्येक दशकांचा झाला.

मराठी परंपरेला हा काळ अपरिचित नाही. १७६१ च्या पानिपतात सदाशिवरावभाऊ पडले, पण त्यांच्या मृत्यूविषयी संशय राहिला. पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. पुढे भाऊंचा तोतया निघाला, त्याच्यामागे माणसे गेली, आणि पेशवाईला त्याचा बंदोबस्त करावा लागला. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकाचा विषय हाच आहे. तोतयाकडे सामान्यतः राजकीय कारस्थान म्हणून पाहिले जाते. परंतु तोतया निर्माण होण्यासाठी आधी समाजाच्या मनात एक रिकामी जागा असावी लागते. देह दिसला नाही, म्हणून मृत्यूवर विश्वास बसला नाही; विश्वास बसला नाही, म्हणून परत येणारा कोणीतरी शक्य झाला. पार्वतीबाईंची वाट पाहणे आणि तोतयाचे येणे ही एकाच अभावाची दोन रूपे आहेत. एक व्यक्तिगत, दुसरे सामाजिक. बखरी आणि नाटक यांनी दोन्हींची दखल घेतली. आधुनिक स्मरणलेखनाने मात्र या प्रतीक्षेला जागाच ठेवली नाही. ‘जलसमाधी मिळाली’ हे भूतकाळी वाक्य पहिल्याच परिच्छेदात येते आणि प्रतीक्षेचा सारा काळ त्याच्याखाली दडपला जातो.

प्रतीक्षा किती करायची, हा प्रश्न धर्मशास्त्राने आणि कायद्याने आपापल्या परीने सोडविला. धर्मशास्त्रात बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहण्याची कल्पना आढळते. १८७२ च्या पुरावा कायद्याने सात वर्षांची मुदत मानली आणि त्याच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ती कायम ठेवली. देह न मिळालेल्यांसाठी धर्मशास्त्राने सांगितलेला विधीही विचारात घेण्याजोगा आहे. पळसाची ३६० पाने देठांसह घेऊन त्यांचा पुतळा करायचा. डोक्यासाठी ४०, मानेसाठी १०, अशी एकेका अवयवासाठी पानांची संख्या ठरलेली. मग त्या पुतळ्याला अग्नी द्यायचा. या विधीच्या धार्मिक फलश्रुतीशी समीक्षेला कर्तव्य नाही. त्याच्या रूपाशी मात्र आहे. हा पुतळा देह असल्याचा दावा करीत नाही. तो पानांचा आहे हे करणाऱ्याला पूर्णपणे ठाऊक असते. त्यात अभाव लपविलेला नसून एकेका अवयवाने मोजलेला असतो.

मराठीत ‘पान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हा योगायोग येथे उपयोगी पडतो. देहाविना स्मरण करणारी संहिता हाही एक पानांचाच पुतळा आहे. तो चांगला की वाईट हे ठरविण्याची कसोटी विधीतच सुचविलेली आहे : अवयव मोजले आहेत काय? त्या तरुणाचे शिक्षण, त्याच्या कामाचे स्वरूप, त्याची नौकेवरची नेमकी जागा, त्याच्या सवयी, त्याच्या अपुऱ्या गोष्टी यांची नोंद आहे काय? की ३६० पानांच्या जागी ‘समाधी’ हे एकच मोठे, झळझळीत पान ठेवून काम भागविले आहे?

५

स्मरणलेखनातील समुद्राविषयीही थोडे बोलणे आवश्यक आहे. अंतर्भागातील मराठी वाचकाला समुद्र प्रथम भेटतो तो बहुधा पाठ्यपुस्तकात. सावरकरांची १९०९ मधील ‘सागरास’ ही कविता आणि कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’ (१९४२) मधील ‘कोलंबसाचे गर्वगीत’ या दोन कवितांनी मराठी मनातील समुद्र पुष्कळ अंशी घडविला. दोहोंत समुद्र हा संबोधनाचा विषय आहे. सावरकरांच्या कवितेत तो वचन न पाळणारा, म्हणून अगस्तीची आठवण करून देऊन ज्याला बजवावे असा आहे. कुसुमाग्रजांच्या कवितेत तो माणसाच्या जिद्दीचा प्रतिपक्ष आहे. दोन्ही कवितांत बोलणारा जिवंत आहे, आणि समुद्राशी त्याचे भांडण बरोबरीचे आहे. त्यांची थोरवी या बरोबरीत आहे.

स्मरणलेखन हे संबोधन उचलते, पण परिस्थिती उलटी झालेली असते. बोलणारा किनाऱ्यावर, किंबहुना किनाऱ्यापासून शेकडो मैल आत आहे. ज्याचे भांडण असायला हवे होते तो बोलू शकत नाही. तरीही लेख समुद्रालाच उद्देशून सुरू होतो, कधी त्याला निर्दय म्हणतो, कधी त्याच्या कुशीत लेकराला निजवितो. यातून एक गंभीर अर्थांतर घडते. ‘खुकरी’ समुद्राने बुडविली नाही. ती टॉर्पेडोने बुडविली. टॉर्पेडो पाणबुडीतून सुटला. पाणबुडीत माणसे होती आणि त्यांच्यामागे दोन राज्यांचे निर्णय होते. समुद्राला आरोपी किंवा माता केले, की युद्ध दृश्यातून नाहीसे होते. राहतो तो निसर्ग आणि नियती. मृत्यूला नियतीचे रूप आले, की त्याला ‘समाधी’ म्हणणे सोपे जाते. संबोधनाचा संकेत आणि जलसमाधीचा संकेत असे एकमेकांना आधार देतात.

‘रामदास’ बोटीतील प्रवासी, पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात व्यापारी जहाजांवर मेलेले कोकणातील खलाशी आणि ‘खुकरी’वरील नौसैनिक यांच्या मृत्यूंची कारणे भिन्न आहेत. पहिल्या महायुद्धात समुद्राखेरीज दुसरे थडगे न लाभलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक मुंबईत, मशीद बंदर भागातील खलाशीगृहात आहे. मराठी स्मरणलेखनात या खलाशांना जलसमाधीदेखील क्वचितच मिळाली. म्हणजे हा शब्द सर्वांना समान वाटला जातो असेही नाही. अधिकाऱ्यासाठी तो विनासायास येतो. भट्टीत कोळसा टाकणाऱ्यासाठी ‘बुडून मेला’ एवढेच पुरते. शब्दाच्या वाटपात वर्गभेद आहे, आणि तोही शब्दाच्या पावित्र्याखाली झाकला जातो.

६

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो क्षुल्लक नाही. शोकाच्या भाषेचे काम चिकित्सा करणे हे नसून सांत्वन करणे हे आहे. ज्या आईला मुलाचा देह दिसला नाही, तिला ‘जलसमाधी’ या शब्दाने काही आधार मिळत असेल, तर समीक्षकाने तो का काढून घ्यावा? त्या शब्दात परंपरेने साठविलेली शांती आहे. आळंदी आहे, सिद्धेश्वराचा तलाव आहे. एवढ्या मोठ्या संचिताचा आसरा शोकाकुल माणसाने घेतला, तर त्यात अप्रामाणिकपणा कसा?

हा आक्षेप शोक करणाऱ्याच्या बाबतीत पूर्णतः मान्य करावा लागेल. घरातील माणसाने कोणता शब्द वापरावा हे समीक्षेने सांगायचे नसते. परंतु घराचा शोक आणि सार्वजनिक स्मरण यांत भेद आहे. घराने शब्द निवडला, तर त्या शब्दामागे त्या मुलाचे सारे आयुष्य उभे असते. आईला ‘समाधी’ म्हणतानाही त्याचा आवाज आठवत असतो. सार्वजनिक लेखनात तोच शब्द आठवणीच्या जागी येतो. वाचकाने त्या तरुणाला पाहिलेले नसते. लेखाने दिले तेवढेच त्याच्याजवळ असते. लेखाने केवळ शब्द दिला, तर वाचकाच्या हाती तरुण येत नाही, त्याच्या मृत्यूचे मखर येते. सांत्वनासाठीही काहीतरी गमावल्याची जाणीव आधी व्हावी लागते. जे गमावले ते काय होते हेच न सांगणारे लेखन सांत्वनाचा अधिकार मिळवीत नाही.

सोलापूरने कोटणीसांचे स्मरण ज्या रीतीने टिकविले, तिचा विचार येथे उपयुक्त ठरेल. कोटणीसांचे थडगे आणि घर यांचा उल्लेख आरंभी आला. परंतु त्यांच्या स्मृतीला खरा आकार दिला तो त्यांच्या कामाच्या तपशिलाने : आठव्या मार्ग सेनेबरोबरचे दिवस, जखमींवरील शस्त्रक्रिया, बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे संचालकपद, चिनी भाषा शिकून त्या भाषेत दिलेले वैद्यकीय शिक्षण, ग्वो छिंगलान यांच्याशी विवाह, काही महिन्यांचा मुलगा. या तपशिलांमुळे त्यांचे बत्तीस वर्षांचे वय वाचकाला जाणवते. ते थडग्यावाचूनही जाणवले असते. म्हणजे देह नसणे ही स्मरणलेखनाची अपरिहार्य अडचण आहे असे मानण्याचे कारण नाही. तपशील नसणे ही खरी अडचण आहे, आणि ती लेखकाच्या आळसातून किंवा संकोचातून येते.

‘खुकरी’च्या नावाने १९८९ मध्ये दुसरी युद्धनौका नौदलात दाखल झाली. २०२१ च्या डिसेंबरात ती निवृत्त झाली आणि तिचे जतन करण्यासाठी तिला दीवला नेण्यात आले. दीवच्या किनाऱ्यावर पहिल्या ‘खुकरी’चे स्मारकही आहे. तेथे काचेच्या पेटीत नौकेची प्रतिकृती आहे. प्रतिकृती हा पुन्हा पानांचाच पुतळा. पण तिच्याकडे पाहताना निदान एवढे कळते, की नौकेला खालचे मजले होते आणि तेथे माणसे कामावर होती. मराठी स्मरणलेखनाने एवढे केले तरी पुरे आहे. कप्तानांसाठी ‘समाधी’ हा शब्द राखून ठेवावा. बाकीच्यांविषयी लिहिताना, त्या रात्री नऊच्या सुमारास कोण कोठे होता आणि काय करीत होता, हे शोधून साध्या क्रियापदांत लिहावे. तो तरुण होता. तो काम करीत होता. काम अपुरे राहिले.